उसना सी : टेप आली आणि ऑपेरातला खरेपणा गेला?

तबकडीवेडा : काल रात्री परत गायिका फ्लागस्टाडचं १९५२ चं 'त्रिस्तान उंड इझोल्ड' लावलं, वाग्नरचा ऑपेरा, फुर्टवेंगलरच्या संचालनातलं. दुसऱ्या अंकातले वरचे दोन 'सी' सूर तिचे नाहीतच, दुसऱ्या गायिकेने, एलिझाबेथ श्वार्त्सकोप्फने गाऊन दिलेत, आणि तेव्हा हे लपवलं होतं, नंतर फुटलं. म्हणजे गाणं एकीचं आणि टिपेचा सूर दुसरीचा! त्यापेक्षा इटालियन गायक कारुसो बघा. एप्रिल १९०२, मिलानच्या हॉटेलातली खोली, समोर आवाज टिपणारा कर्णा, १० गाणी, १०० पौंड, विषय संपला. मेणावर उमटलं ते उमटलं. टेप आली, सूर कापून जोडता यायला लागले आणि खरेपणा गेला, हे माझं स्पष्ट मत.

शंकासुर : साफ असहमत. कर्णा काय कमी खोटारडा होता? पुढे ऑर्केस्ट्रा आला तेव्हा साधं व्हायोलिन नीट उमटेना म्हणून भोंगा लावलेलं व्हायोलिन वाजवायचे. वरचा सूर आला की गायकाने मागे सरकायचं, नाहीतर आवाज फाटायचा. १२ इंची तबकडीत जेमतेम ४ मिनिटं, आरिया (ऑपेरातलं एकट्याचं गाणं) बसत नसेल तर पळवा नाहीतर कापा. कारुसोच्या त्या तबकड्या करणाऱ्या गाइसबर्गनेच त्याच वर्षी, १९०२ मध्ये, कलकत्त्यात गौहरजानला ३ मिनिटांत राग आटपायला लावला, त्याला मैफल म्हणाल का?

तबकडीवेडा : काटछाट वेगळी आणि उसनवारी वेगळी हो. 'वेस्ती ला जुब्बा' ही आरिया कारुसोने १९०२ आणि १९०४ ला पियानोवर गायलंय, १९०७ ला ऑर्केस्ट्राबरोबर. तिन्ही लागोपाठ ऐका, आवाज कसा भरत, जड होत गेला ते कळतं. तिथे वय दिसतं, टेपवर ते झाकलं.

मध्यलय : अहो फ्लागस्टाडबाई ५६ वर्षांच्या होत्या, दोन सुरांसाठी चार तासांची इझोल्ड फेकून द्यायची का, इतकी भारदस्त इझोल्ड मी तरी दुसरी ऐकली नाही. आणि गायिका मारिया कालासचं १९५३ चं 'टोस्का' ऑपेराचं ध्वनिमुद्रण? संचालक दे साबाताने स्टुडिओत परत परत गाऊन घेतलं, वर मोनो (स्टिरिओ नाही), तरी आजही टोस्का म्हटलं की लोक आधी तेच सुचवतात. घोटून घोटून आलेलं गाणं खोटं कसं?

तबकडीवेडा : घोटा की, पण स्वतःच्या गळ्याने.

शंकासुर : श्वार्त्सकोप्फचं नाव कव्हरवर छापायला हवं होतं, एवढं मान्य. बाकी नाही.

आलापिनी : तुम्ही भांडा, मी आपली इंग्लिश गायिका कॅथलिन फेरियरकडे जाते. 'ब्लो द विंड सदर्ली', १९४९. पियानोसुद्धा नाही, नुसता गळा. दोन ओळींमध्ये श्वास घेते तोही ऐकू येतो. ऑक्टोबर १९५३ मध्ये ४१ व्या वर्षी कॅन्सरने गेली ती, पण ते माहीत नसतानाही मी पहिल्यांदा ऐकून गप्प बसले होते.

तबकडीवेडा : फेरियरवर वाद नाही!

शंकासुर : कसा असेल, काँट्राल्टो ती, म्हणजे बायकांतला सर्वांत खालचा आवाज. वरचा सी उसना घ्यायची वेळच यायची नाही :)