मदत हवी आहे: रो हाउसच्या मागची छोटी जागा बसण्यासारखी करायचीये, काय काय घेऊ?

पाथर्डीफाटा_रोहाउस
नमस्कार मंडळी. आमच्या रो हाउसच्या मागे ११ बाय ९ फुटांची मोकळी जागा आहे, कोबा केलेला आहे, आत्ता तिथे फक्त कपड्यांच्या दोऱ्या, रिकाम्या कुंड्या आणि अडगळ. दिवाळीच्या आधी आईबाबा येवल्याहून कायमचे राहायला येतायत, त्यांना सकाळी चहा घेऊन बसता येईल अशी छान जागा करायची आहे. प्रश्न तीनच: खुर्च्या वेताच्या घेऊ की लोखंडी, खाली आर्टिफिशियल लॉन टाकू का, आणि झोपाळा बसेल का? प्लीज लवकर सांगा, रविवारी खरेदीला जायचंय.

सातपूरकर
दिशा कुठली? वर छप्पर आहे का उघडं? बजेट किती? घर स्वतःचं की भाड्याचं? मागे लगेच दुसऱ्याचं घर आहे का? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार.

मोगरा_आणि_मी
झोपाळा घ्याच!! आमच्याकडे दोन माणसांचा स्टँडवाला आहे, संध्याकाळी घरातलं कोणी आत बसायला तयार नसतं. आणि भिंतीलगत मोगरा, जुई, सायली, एका कोपऱ्यात गवती चहा आणि कढीपत्ता, मधुमालती कंपाउंडवर सोडून द्या दोन पावसाळ्यात भिंत दिसेनाशी होते, आणि सोनचाफा लावायला विसरू नका, कलमी घ्या म्हणजे लवकर फुलतो.

पाथर्डीफाटा_रोहाउस
@सातपूरकर घर स्वतःचं. तोंड उत्तरेला, म्हणजे मागची बाजू दक्षिण. वर पूर्ण उघडं. बजेट ३५ हजारांपर्यंत. पण खुर्च्यांसाठी दिशा कशाला लागते? मला फक्त फर्निचर सांगा ना.

देवळालीची_मावशी
अगं उघड्यावर आहे तर वेत अजिबात नको. आमच्या व्हरांड्यात छपराखाली होता तरी पावसाळ्यात हवेच्या ओलीने गेला. आधी पायाला गुंडाळलेली पट्टी जमिनीलगत सुटते, आतलं काळं पडतं, नखाने दाबलं की पिवळा भुसा गळतो. पावडर कोटिंग केलेलं लोखंडी घे आणि पायांना रबरी बूच आहेत का ते बघ, नाहीतर कोब्यावर गंजाचे गोल डाग पडतात, ते निघत नाहीत.

हौशी_इंदिरानगर
वेताला नावं ठेवू नका, उन्हाळ्यात लोखंडी खुर्चीवर बसून दाखवा दुपारी. वेताला दर वर्षी पावसाळ्याआधी वॉर्निश मारायचं आणि चार महिने आत घ्यायचं, माझा सेट अजून टणटणीत आहे. नाहीतर प्लास्टिकचा वेत मिळतो, आत अॅल्युमिनियमची फ्रेम असलेला, तो घ्या.

देवळालीची_मावशी
चार महिने आत घ्यायला घरात जागा असती तर मागचं अंगण सजवायला कोण निघालं असतं. आणि त्या प्लास्टिकच्या वेताच्या पट्ट्या स्वस्तातल्या असल्या तर उन्हाने कडक होऊन तुटतात, टोकं मांडीला बोचतात. घ्यायचाच तर पट्टी वाकवून बघून घे.

सातपूरकर
दिशा कशाला लागते ते सांगतो. नाशिक साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४६-४७ अंशच वर असतो, तोही दक्षिणेकडे. तुमची मागची कंपाउंड वॉल सहा फुटांची धरली तर दुपारी तिची सावली पावणेसहा फूट आत येते, सकाळी दहाला त्याहून जास्त. जागेची खोली नऊ फूट. म्हणजे थंडीत जमिनीवर ऊन पडणार ते फक्त घराच्या भिंतीलगतच्या तीनेक फुटांत. कंपाउंडला लागून खुर्च्या मांडल्यात तर डिसेंबर-जानेवारीत आईबाबा गार सावलीत कुडकुडत बसतील. खुर्च्या घराच्या भिंतीला पाठ लावून, तोंड दक्षिणेला. दहा-साडेदहानंतर गुडघ्यांवर छान ऊन येईल.
उलट मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, तेव्हा या जागेत कुठेच सावली नाही. त्यामुळे काढता-घालता येईल असं छप्पर हवं, कायमचं पत्र्याचं नको, थंडीतलं ऊन जाईल.

वास्तुमार्ग
तुळस ईशान्येला ठेवा, दक्षिणेला जड वस्तू चालतात. दक्षिणेला पाणी नको.

सातपूरकर
तुळशीला चार-पाच तास ऊन लागतं, दक्षिणेच्या अंगणात कंपाउंडला चिकटून ठेवलीत तर थंडीत झुरेल. ऊन असेल तिथे ठेवा.

वास्तुमार्ग
आमच्या घरात तीन पिढ्या ईशान्येलाच आहे आणि बहरलेली आहे. श्रद्धेचा विषय आहे, ज्याला पटेल त्याने करावं.

पाथर्डीफाटा_रोहाउस
उन्हाचं खरंच लक्षात आलं नव्हतं, थँक्यू. वॉल सहाच फुटांची आहे. मग आर्टिफिशियल लॉन चालेल ना? कोबा फार रुक्ष दिसतो.

हौशी_इंदिरानगर
बिनधास्त टाका, अर्ध्या दिवसात काम होतं, हिरवंगार दिसतं.

देवळालीची_मावशी
टाकू नकोस. एप्रिलमध्ये इतकं तापतं की अनवाणी पाय टेकत नाही. आणि खालून पाणी वाहून गेलं नाही तर पावसाळ्यात कुजका वास सुटतो.

टाइल्सवाले_दादा
लॉन वगैरे सोडा. सरळ सगळीकडे खरखरीत पार्किंग टाइल्स मारून घ्या, नाहीतर शहाबादी. एकदाच काम, कटकट मिटली.

आरसीसी_गंगापूररोड
थांबा जरा. ताई, कोबा म्हणालात, त्याच्या खाली काय आहे? रो हाउसला पाण्याची अंडरग्राउंड टाकी बऱ्याचदा मागेच असते. आणि ड्रेनेजचं चेंबर?

पाथर्डीफाटा_रोहाउस
हो, टाकी आहे ना, कंपाउंडच्या बाजूचा निम्मा भाग टाकीच आहे. मध्ये दोन बाय दोनचं लोखंडी झाकण. त्यावर सध्या कुंड्या ठेवल्यात. चेंबर घराकडच्या कोपऱ्यात, किचनच्या पाइपखाली. पण त्याचा फर्निचरशी काय संबंध?

आरसीसी_गंगापूररोड
सगळाच संबंध आहे. तुम्ही टाकीच्या छतावर बाग करायला निघालायत. नीट वाचा.
झाकण कोब्याच्या लेव्हलला आहे की वर उचललेलं? लेव्हलला असेल तर जोराच्या पावसात अंगणातलं पाणी, कुंडीतली माती, मांजराची घाण, सगळं पिण्याच्या पाण्यात. लॉन टाकलं तर झाकण त्याच्याखाली जाणार, वर्षभर कोणी उचलून बघणार नाही. ओली माती घनफुटाला ४५-५० किलो भरते. सोनचाफ्याला दीड फुटाची मोठी कुंडी घेतलीत तर एकेक शंभर किलोच्या घरात जाते. स्लॅबची जाडी आणि सळई माहीत नसताना मधोमध असलं वजन ठेवू नका, मोठ्या कुंड्या टाकीच्या भागात नकोतच. आणि टाकीच्या स्लॅबला ड्रिल मारून झोपाळा, खांब, काहीही ठोकायचं नाही. वॉटरप्रूफिंग फुटलं की शोधत बसाल.

टाइल्सवाले_दादा
अहो टाइल भरायचं झाकण मिळतं, फ्रेममध्ये टाइल बसवायची, फरशीच्या लेव्हलला येतं, दिसतसुद्धा नाही. मी कितीतरी बंगल्यांत बसवलीत.

आरसीसी_गंगापूररोड
चेंबरला बसवा, माझी ना नाही. पिण्याच्या टाकीला नको. टाकीचं तोंड फरशीपेक्षा चार ते सहा इंच वर हवं आणि झाकणाची कड बाहेरून खाली उतरलेली हवी.

टाइल्सवाले_दादा
रबरी पॅकिंग येतं त्याला. एक थेंब जात नाही.

आरसीसी_गंगापूररोड
पहिल्या वर्षी नाही जात. दादा, ते पॅकिंग दर वेळी उघडताना कचऱ्याने चिरतं. घरात म्हातारी माणसं राहायला येतायत, पाण्याशी खेळ कशाला?

मोगरा_आणि_मी
बापरे, मी मधुमालती सांगितली होती. ती खाली जमिनीत लावायची असते, इथे जमीनच नाही तर राहू दे. मोगरा दहा-बारा इंची कुंडीतही मस्त येतो, अर्धं कोकोपीट घाला म्हणजे वजन कमी. फक्त घराकडच्या बाजूला ठेवा, त्याला ऊन लागतं. कंपाउंडच्या सावलीत स्नेक प्लांट, नेचे, मनी प्लांट लटकवा.

डास_नकोत
कुंड्यांखालच्या बशा रिकाम्या करत जा हो. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा बशी ओतून घासायची, अंडी कडेला चिकटलेली असतात. टाकीच्या हवेच्या पाइपलाही जाळी हवी.

पाथर्डीफाटा_रोहाउस
आता मी पूर्ण गोंधळलेय. झाकण लेव्हललाच आहे. मग काय सगळं मोकळं ठेवू? त्यांना बसायला जागा करायची आहे, एवढंच आहे माझं.

खांदेशी_भाऊ
खुर्च्याबिर्च्या राहू द्या, खाली चटई, त्यावर गादी-तक्के, एक बुटकं टेबल. गादी पावसात आत घ्यायची. आपली भारतीय बैठक, खर्च पण कमी. मी जळगावला असंच केलंय, मस्त वाटतं.

पाथर्डीफाटा_रोहाउस
भाऊ, बाबांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशन्स झालीत, खाली बसताच येत नाही. जिना चढत नाहीत म्हणून तर टेरेस सोडून मागच्या जागेचं बघतेय. येवल्याला त्यांची ओसरी होती, दिवस तिथेच जायचा, येणारा-जाणारा तिथे टेकायचा. इथे ते दिवसभर टीव्हीसमोर बसावेत असं मला नकोय.

देवळालीची_मावशी
हे पहिल्यांदा सांगायचं ना गं. मग खुर्चीची बैठक १८-१९ इंच उंच घे, दोन्ही बाजूंना घट्ट हात असलेली, हातावर जोर देऊन उठता आलं पाहिजे. खोल, मागे कललेल्या आरामखुर्च्या दिसायला छान पण त्यातून त्यांना उठता येणार नाही. झोपाळ्याचं तर नावच नको, उठताना मागे सरकतो. दारातून बाहेर यायला पायरी किती? तिथे एक दांडा बसव. आणि बाबांना दुकानात सोबत घेऊन जा, बसवून-उठवून बघ, ऑनलाइन मागवू नको.

हौशी_इंदिरानगर
मावशींशी या बाबतीत सहमत. वेताची हातवाली उंच खुर्ची पण मिळते, एवढंच सांगतो.

आरसीसी_गंगापूररोड
गुडघ्याचं ऑपरेशन म्हणजे फरशी सगळ्यात आधी. गुळगुळीत काही नको. शहाबादीवर पावसाळ्यात शेवाळ धरतं, ब्लीचिंग पावडर टाकून घासत बसावं लागतं.
असं करा. १) झाकणाभोवती काँक्रीटची कड सहा इंच उचलून घ्या, वर हलकं झाकण, कडी-कुलूप. २) कोब्याचा ढाळ झाकणापासून लांब, नऊ फुटांत दीडेक इंच, पाणी जाळीतून पावसाळी गटाराकडे, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये नाही. ३) वर एक बाय एकच्या एकमेकांत अडकणाऱ्या डेक टाइल्स, सिमेंट न लावता. खालून पाणी वाहतं, चेंबर उघडायचं तर चार टाइल्स उचलायच्या. कडेला त्यांच्या उताराच्या पट्ट्या मिळतात त्या लावाच, नाहीतर काठाला पाय अडकेल. ४) उचललेल्या झाकणावर तळ नसलेलं हलकं बाकडं, जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपची फ्रेम आणि वर पट्ट्या. दोन माणसांनी बाजूला केलं की टाकी मोकळी.

पाथर्डीफाटा_रोहाउस
हे बाकड्याचं मस्तच! म्हणजे संध्याकाळी पाहुणे बाकड्यावर आणि बाबांची खुर्ची घराच्या भिंतीला, उन्हात. आणि उन्हाळ्यातल्या सावलीचं?

मोगरा_आणि_मी
द्राक्षाचा वेल चढवा ना मांडवावर! नाशिकमध्ये राहून द्राक्ष नाही म्हणजे काय. परदेशात सगळे अंगणात लावतात, उन्हाळ्यात सावली, थंडीत पानं गळतात.

निफाडचा_बागाईतदार
ताई, तिकडं गळत असतील. आपल्याकडं ऑक्टोबरात फळछाटणी झाली की ऐन थंडीत वेल पानांनी गच्च भरलेला असतो, आणि एप्रिलात खरडछाटणी केली की ऐन उन्हात मांडव उघडा. तुम्हाला पाहिजे त्याच्या उलट. वरून डाउनी, भुरी हे बुरशीचे रोग, त्यांच्या फवारण्या. ज्या जागी आईबाप चहा पिणार तिथं औषध मारणार का? नका लावू.
मांडवाचं मात्र सांगतो. आमच्या भागात जुन्या बागा काढल्यात, त्यांचे लोखंडी अँगल आणि तारा भंगाराच्या भावानं मिळतात. गंज घासून रेड ऑक्साइड मारायचं, वर ऑइल पेंट. दोन खांब, वर चौकट, तारा ओढायच्या आणि पन्नास टक्के शेडनेट, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी जाळी, कड्यांवर सरकती. होळीला ओढा, पाऊस लागायच्या आत गुंडाळून ठेवा, वाऱ्यानं फाटती.

आरसीसी_गंगापूररोड
चालेल. खांब टाकीच्या भागात नकोत, मधल्या रेषेच्या अलीकडे घ्या, घराकडची बाजू भिंतीला बोल्ट करा. म्हणजे मांडव साडेचार फुटांचाच होईल, पण खुर्ची तिथेच आहे. आणि जाळीच ठेवा. मार्जिनच्या, म्हणजे घराभोवती मोकळी सोडायच्या जागेत कायमचा पत्रा टाकला की शेजारी तक्रार करतात आणि मग महापालिकेची नोटीस.

खांदेशी_भाऊ
नाशिककरांनो विषय निघालाच आहे तर पुढच्या आठवड्यात येतोय, मखमलाबाद रोडला चुलीवरची मिसळ कुठली चांगली?

हौशी_इंदिरानगर
रविवार सोडून या, रविवारी नंबर लागत नाही. पापड-दही वेगळं मागा.

सातपूरकर
मिसळीचा वेगळा धागा काढा हो. ताई, दिवे लावणार असाल तर आयपी ६५ लिहिलेले, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारे घ्या आणि त्या लाइनला ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनला विचारा. ओल्या जागेत हे टाळू नका.

पाथर्डीफाटा_रोहाउस
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारची फर्निचर खरेदी रद्द. आधी टाकी रिकामी करून साफ करून घेते, कड उचलते, मग डेक टाइल्स, बाबांची खुर्ची त्यांना सोबत नेऊनच. @निफाडचा_बागाईतदार अँगल किती लांबीचे घेऊ? आणि टाकी साफ करायला माणूस कधी बोलावू, कड बांधायच्या आधी की नंतर?

आरसीसी_गंगापूररोड
कड बांधून, क्युअरिंग होऊन, म्हणजे पाणी मारून काँक्रीट पक्कं झालं की मग साफ. बांधताना सिमेंट आत पडतंच. झाकण उघडल्याबरोबर माणूस आत उतरवू नका, आधी काही तास उघडं ठेवून हवा खेळू द्या, शक्य तर पंखा लावा, आणि वर दुसरा माणूस उभा पाहिजे.

निफाडचा_बागाईतदार
भिंतीकडं आठ फुटाला बोल्ट मारा आणि खांब साडेसात फूट वर राहू द्या, जाळीला ढाळ मिळतो. दीड फूट जमिनीत जाणार म्हणजे खांबाला नऊ फुटी अँगल बघा. वाकलेला असला तर घेऊ नका, सरळ करताना तडकतो. येताना टेप आणा.