मदत हवी आहे : मुलीला अंगणवाडीतच ठेवू की कॉन्व्हेंटात घालू?

नमस्कार. आम्ही दारव्हा तालुक्यातल्या खेड्यात राहतो, कापूस-तुरीची शेती. मुलगी साडेतीन वर्षांची. गावच्या अंगणवाडीत १२-१३ लेकरं आहेत. ताई त्यांना गोल बसवून तुरीच्या शेंगा सोलायला देतात, दाणे मोजायला लावतात. माझा पदर न सोडणारी पोरगी आता घरी आजीपुढे पाच-पाच दाण्यांच्या ओळी मांडते. कोणी रडलं तर ताई आधी त्याला मांडीवर घेतात, बाकीचं मग. मला याचंच मोल वाटतं.

पण मामंजी म्हणतात, तालुक्याला कॉन्व्हेंटात टाका. तिथं एका वर्गात ५० मुलं, सकाळी सातला व्हॅन, आणि नर्सरीपासूनच लिहायचा होमवर्क. या वयात बोटांत पेन्सिल धरायचं बळ तरी असतं का? २०२० च्या शैक्षणिक धोरणातही या वयाला खेळातूनच शिकवा म्हटलंय. ताराबाई मोडक, अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या लेकरांसाठी हेच काम मांडलं होतं.

ज्यांची मुलं अंगणवाडीतून थेट जिल्हा परिषदेच्या पहिलीत गेली, त्यांना काही जड गेलं का? घरच्या मोठ्यांना तुम्ही कसं समजावलं? ताईंकडे गोष्टींची चित्रपुस्तकं फारच कमी आहेत, मराठीतली चांगली कोणती घेऊ तेही सांगा. जूनच्या आत ठरवायचं आहे.