दगडातून चांदीची तार कशी उगवते? (फ्रायबर्ग, जर्मनी)

हुपरीचा_चांदीकार

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हुपरीचा. चौदाव्या वर्षी वडिलांच्या हाताखाली तार ओढायला बसलो, तेव्हापासून पैंजणाचंच काम केलं. सध्या मुलीकडं ड्रेस्डेनला आलोय. गेल्या रविवारी जावयांनी फ्रायबर्गला नेलं. तिथं किल्ल्यात खनिजांचं मोठं संग्रहालय आहे आणि शेजारच्या जुन्या वाड्यात जर्मनीतल्या खाणींचे नमुने मांडलेत.

तिथं एका कपाटासमोर मी अर्धा तास उभा होतो. काळ्या दगडातून चांदीची तार वर आलेली, मेंढ्याच्या शिंगासारखी वळलेली. बुडाशी करंगळीएवढी जाड, टोकाला बारीक. आणि तिच्या सगळ्या अंगावर लांबीच्या दिशेनं रेघा. आमच्याकडं तार ओढायची पोलादी पट्टी झिजली, तिच्या भोकाला खरका आला, की तारेवर हुबेहूब अशाच रेघा पडतात. वडील अशी तार परत मुशीत टाकायला लावायचे. म्हणून ती तार बघितल्यावर पहिला विचार हाच आला की ही कुठल्या तरी भोकातून ओढलीय. पण पाटीवर लिहिलंय, खाणीत अशीच सापडली.

तर ती ओढली कोणी? बुडाचा काळा दगडसुद्धा चांदीचंच खनिज आहे असं जावयांनी पाटी वाचून सांगितलं, ते कसं? आणि एवढ्या मुलखात चांदी नेमकी याच गावाखाली का? सोप्या भाषेत सांगा, मी दहावीपर्यंतच शिकलोय.

झावरची_भूवैज्ञानिक

तुमचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण अर्धं उत्तर तुम्ही स्वतःच दिलं आहे. ती तार खरोखरच भोकातून आली आहे. फक्त ती ओढलेली नाही, मागून ढकललेली आहे.

आधी काळ्या दगडाचं सांगते. पैंजण वर्षभर ठेवलं की काळं पडतं. हवेतला गंधक चांदीला लागतो आणि वर चांदीच्या सल्फाइडचा थर चढतो. तुमच्या कपाटातला काळा दगड म्हणजे हाच पदार्थ, फक्त थराऐवजी गोळाच्या गोळा. खनिजशास्त्रात त्याला अ‍ॅकॅन्थाइट म्हणतात. वजनाच्या 87 टक्के त्यात चांदी असते आणि तो इतका मऊ असतो की चाकूनं कापता येतो. म्हणजे जो काळा थर तुम्ही आयुष्यभर घासून काढलात, तोच फ्रायबर्गच्या खाणकामगारांसाठी उत्तम माल होता.

आता तार. हे सल्फाइड सुमारे 175 अंशांच्या वर तापलं की त्याची आतली रचना बदलते. गंधकाचे अणू आपापल्या जागी राहतात आणि चांदीचे आयन त्यांच्यामधून जवळजवळ पाण्यासारखे वाहू लागतात. घन पदार्थात धातू इतक्या सहज फिरतो अशी उदाहरणं थोडी आहेत. अशा वेळी परिस्थिती बदलून गंधक निघून जायला लागला की उरलेली चांदी एका जागी गोळा होते आणि पृष्ठभागावरच्या एखाद्या बिंदूतून बाहेर पडू लागते. नवी चांदी टोकाला चिकटत नाही, ती बुडातून येते आणि आधीच्या तारेला पुढे सारते. शेवयांच्या साच्यातून शेवई येते तशी. जिथून बाहेर पडते त्या कडेचा ओबडधोबडपणा तारेच्या अंगावर उमटतो, त्याच तुमच्या रेघा. एका बाजूनं चांदी जास्त वेगानं आली की तार वळते, म्हणून ते मेंढ्याचं शिंग. प्रयोगशाळेत चांदीचं सल्फाइड तापवून अशा तारा एकोणिसाव्या शतकातच उगवून दाखवल्या गेल्या.

नेमकी याच गावाखाली का, याचं उत्तर लांबचं आहे. फ्रायबर्गच्या खाली नाइस नावाचा पट्ट्यापट्ट्यांचा कठीण खडक आहे, मराठीत पट्टिताश्म. सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वी त्या भागातलं कवच ताणलं गेलं, खडक उभे चिरले आणि त्या चिरांमधून खोलवरचं गरम, खारट पाणी वर आलं. यात मीठ महत्त्वाचं. पाण्यातलं क्लोराइड चांदी, शिसं, जस्त यांना धरून वाहून नेतं. वर येताना पाणी निवलं, दुसऱ्या पाण्यात मिसळलं, की धातू पाण्यातून सुटतात आणि चिरेच्या भिंतींवर थर बसतात. पुढं मध्यजीव महाकल्पात, म्हणजे डायनोसॉरांच्या काळात, दुसऱ्यांदा असंच घडलं आणि तेव्हा फ्लुओराइट, बराइट या खनिजांच्या शिरा (खनिजानं भरलेल्या चिरा) तयार झाल्या. त्या एका पट्ट्यात अशा हजाराहून अधिक शिरा आहेत. आपल्या दख्खनच्या बसाल्टातल्या पोकळ्या पाण्यानं आणलेल्या गारगोट्या आणि झिओलाइट नावाच्या खनिजांनी भरल्या, तीच ही रीत. फक्त इथलं पाणी धातूंनी भरलेलं होतं.

अ‍ॅकॅन्थाइट मात्र नशिबाचा माल. बहुतेक चांदी शिशाच्या खनिजात, गॅलेनात, थोड्या प्रमाणात दडलेली असते. मी उदयपूरजवळच्या झावरला नोकरी केली. तिथला खडक डोलोमाइट आहे, वय दीडशे कोटी वर्षांहून जास्त, आणि चांदी शिशाजस्ताबरोबर येते. इतकी वर्षं भूगर्भात उतरले, पण चांदीची तार माझ्या हाताला कधी लागली नाही. त्यामुळं तुमचा जरा हेवा वाटतोय.

फ्रायबर्गची_विद्यार्थिनी

काका, मी पुण्याची, इथल्या बेर्गअकाडेमीत शिकते. ही खाणकामाची संस्था 1765 सालची. गावाची गोष्ट अशी सांगतात की 1168 च्या सुमारास मीठ वाहणाऱ्या गाड्यांच्या चाकोरीत गाडीवानांना चकाकणारा दगड दिसला. तेव्हा इथं क्रिस्टियान्सडोर्फ नावाचं खेडं होतं.

आमच्या शिकवणीच्या खाणीचं नाव रायखे त्सेखे. पाळण्यातून 150 मीटर खाली उतरलं की करड्या नाइसमधून जाणारी शीर हात लावून बघता येते. शिरेला नाव द्यायची इथली रीत मला फार आवडते. जुन्या खाणकामगारांच्या होकायंत्रावर अंशांऐवजी तास असत. शून्य ते तीन तासांच्या दिशेनं जाणारी शीर ‘श्टेहेंड’, तीन ते सहा ‘मोर्गन’, सहा ते नऊ ‘श्पाट’, नऊ ते बारा ‘फ्लाख’. त्यामुळं शिरेचं नाव ऐकलं की ती कुठल्या दिशेला जाते ते कळतं.

वेर्नर नावाचे भूवैज्ञानिक इथं 1775 पासून शिकवायचे. त्यांचं म्हणणं होतं की शिरा वरून, प्राचीन समुद्राच्या पाण्यातून भरल्या. ते चुकलं, पाणी खालून आलं. पण एक शीर दुसरीला कापून गेली तर कापणारी नंतरची, हे त्यांनी पक्कं बसवलं आणि आजही आम्ही खाणीत तेच बघून वय लावतो. माझ्या मते त्यांची चूक जेवढी सांगितली जाते तेवढं हे सांगितलं जात नाही.

रसायनाचा_मास्तर

चांदीकार, तुमच्या धंद्यातली एक गोष्ट याच मुलखात घडली आहे. फ्रायबर्गच्या दक्षिणेला हिमेल्सफ्युर्स्ट नावाची खाण होती. 1885 साली तिथं चांदीचं एक नवं खनिज मिळालं, अर्जिरोडाइट. त्याचा टंच काढायचं काम क्लेमेन्स विंकलर या रसायनशास्त्रज्ञाकडं आलं. चांदी धरली, गंधक धरला, बाकी किरकोळ धरलं, तरी बेरीज 93 टक्क्यांच्या आसपास अडायची. दर वेळी सात टक्क्यांची तूट.

तूट दर वेळी तेवढीच येत असेल तर ती हातची चूक नसते, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. विंकलरनी काही महिने पिच्छा पुरवला आणि फेब्रुवारी 1886 मध्ये त्या तुटीत एक नवं मूलद्रव्य सापडलं, जर्मेनियम. मेंडेलेयेव यांनी 1871 मध्येच त्याची जागा रिकामी ठेवून गुणधर्म वर्तवले होते आणि ते जवळजवळ तंतोतंत जुळले. वर्गात आवर्तसारणी शिकवताना मी सुरुवात याच सात टक्क्यांपासून करतो.

हुपरीचा_चांदीकार

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तुटीची गोष्ट जेवताना घरात सगळ्यांना सांगितली. आमच्याकडं गाळणीत दोन ग्रॅम कमी भरली तरी रात्रभर झोप लागत नाही, या माणसानं तर महिने काढले.

ताई, तुमचं वाचून काल परत एकटाच गाडी पकडून गेलो. भिंग खिशात असतंच. काचेतून जेवढं जमलं तेवढं बुडाशी बघितलं. तार जिथं काळ्या दगडातून निघते तिथंसुद्धा रेघा आहेत, आणि तिथल्या रेघा टोकापेक्षा ठळक आहेत. टोक आधी बाहेर पडलं आणि बूड शेवटी, हे त्यावरून पटलं. पण एक शंका राहिली. बुडाशी तार जाड आणि टोकाला बारीक. भोक तेच असेल तर जाडी बदलली कशी?

झावरची_भूवैज्ञानिक

कारण हे भोक पोलादाचं नाही. तुमची पट्टी तशीच राहते, इथली कड त्याच सल्फाइडची आहे. गंधक जात राहतो, तार निघते त्या जागेभोवतीचा दगड झडत जातो आणि मूळ रुंदावत जातं. सुरुवातीला केसाएवढी निघालेली तार पुढं बोटाएवढी होऊ शकते. तारेची जाडी म्हणजे ते भोक कसकसं मोठं होत गेलं त्याची नोंद समजा. आणि बुडाशी काळा दगड अजून शिल्लक आहे, त्या अर्थी काम मध्येच थांबलंय. पाणी निवलं असेल किंवा चीर बुजली असेल. सगळा गंधक गेला असता तर नुसतीच चांदी दिसली असती.

फ्रायबर्गची_विद्यार्थिनी

काका, शनिवारी रायखे त्सेखेत पाहुण्यांसाठी फेरी आहे. जर्मनीत सांगतात, पण मी शेजारी उभी राहून मराठीत सांगेन. खाली वर्षभर गारठा असतो, स्वेटर आणा. हेल्मेट आणि बूट तिथं मिळतात. ‘ग्लुक आउफ’ म्हणायचं, खाणीत एकमेकांना तसंच भेटतात.

हुपरीचा_चांदीकार

येतो बाळ. जावयांना गाडीची वेळ बघायला सांगितलीय. येताना तुला ओढलेल्या तारेचे दोन तुकडे आणतो, एक चांगल्या पट्टीचा आणि एक झिजलेल्या. शिरेजवळ उभं राहून दोन्ही भिंगाखाली धरून बघू.