फीनिक्समधील आंबा: पानांच्या कडा का करपतात?

प्रश्न: ॲरिझोनातील फीनिक्स येथे परसात दोन वर्षांपूर्वी लावलेल्या आंब्याच्या कलमाच्या पानांच्या कडा जूनपासून करपत आहेत आणि नवी पालवी पिवळी पडते, मात्र तिच्या शिरा हिरव्याच राहतात. रोज संध्याकाळी थोडे पाणी देतो. सावली करावी की पाणी वाढवावे?

उत्तर १: दोष केवळ उन्हाचा नसावा. येथील नळाच्या पाण्यात क्षार बरेच असतात. रोज थोडेथोडे पाणी दिल्यास ते वरच्या थरातच राहून उडून जाते, क्षार मात्र मुळांपाशी साचतात आणि पानांच्या कडा आधी जळतात. तीन-चार दिवसांआड, पण दोन-तीन फूट खोल ओल जाईल इतके पाणी सावकाश सोडावे आणि आळे फांद्यांच्या घेराइतके रुंद करून त्यावर लाकडाच्या भुशाचे आच्छादन घालावे. ते खोडाला मात्र टेकू देऊ नये.

उत्तर २: पिवळेपणाचे कारण निराळे आहे. येथील चुनखडीयुक्त मातीचा सामू (पीएच) ८ च्या आसपास, म्हणजे अल्कधर्मी, असल्याने लोह असूनही मुळांना मिळत नाही. ईडीडीएचए प्रकारचे लोह चिलेट (अशा मातीतही मुळांना घेता येईल अशा रूपातले लोहखत) द्यावे. (कोकणातल्या जांभ्या मातीचा अनुभव येथे फारसा उपयोगी पडत नाही.)

उत्तर ३: सावलीही हवीच. ३० जून ते ३० जुलै २०२३ या काळात येथे सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ४३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून वर गेला होता. पश्चिमेकडे शेडनेट बांधा, खोडाला पातळ केलेला पांढरा रंग लावा आणि हिवाळ्यात दव गोठेल अशा थंडीच्या रात्री कोवळे झाड झाका.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आळे उद्याच रुंद करतो.