प्रतिसाद: सूचना तीच, वेग वेगळा

बीएमआय२ (बिट हाताळणाऱ्या प्रोसेसर-सूचनांचा संच) चालू करून बांधलेला प्रोग्राम इंटेलवर पळतो आणि रायझन ३६०० वर (एएमडीचा झेन २ पिढीचा प्रोसेसर) रांगतो, असं वर विचारलंय. कंपायलरला दोष देऊ नका. त्या संचातल्या पीडेप (मास्क नावाचा आकडा दाखवेल त्या जागांवर बिट पसरवणारी) आणि पेक्स्ट (त्या जागांवरचे बिट गोळा करणारी) या दोन सूचना इंटेलने हॅसवेल पिढीपासून (२०१३) थेट सर्किटमध्ये बसवल्या: उत्तर ३ सायकलमध्ये (प्रोसेसरच्या घड्याळाच्या ठोक्यांत), आणि दर सायकलला नवी सूचना घेता येते. एएमडीच्या झेन १ आणि झेन २ मध्ये त्या मायक्रोकोडमधून, म्हणजे चिपमधल्या छोट्या अंतर्गत प्रोग्राममधून, चालतात. मास्कमध्ये १ असलेले बिट जितके जास्त, तितका वेळ जास्त. भरगच्च ६४-बिट मास्कला शेकडो सायकल जातात. झेन ३ (२०२०) मध्ये हे दुखणं गेलं.

त्यामुळे सीपीयूआयडीत (प्रोसेसरला त्याची ओळख विचारणारी सूचना) बीएमआय२ चा बिट दिसला की धावत सुटू नका. एएमडी असेल तर फॅमिलीही (प्रोसेसरच्या पिढीचा क्रमांक) बघा: हेक्स १७ ला जुना, पेक्स्ट न वापरणारा मार्ग, १९ पासून पेक्स्ट. उदाहरणार्थ, बुद्धिबळाच्या इंजिनात जुना मार्ग म्हणजे मॅजिक गुणाकाराचं टेबल: ठरावीक आकड्याने गुणून टेबलातली जागा काढायची.

आरएसक्यूआरटीपीएस (१ भागिले वर्गमूळ अंदाजे काढणारी सूचना) मध्ये तर इंटेल आणि एएमडीवर उत्तरच बदलतं. हमी फक्त सापेक्ष चूक १.५ × २^-१२ च्या आत राहण्याची. उत्तराचे खालचे बिट ज्या-त्या कंपनीचे. दोन्हीकडे तंतोतंत तेच आकडे हवे असतील तर एसक्यूआरटीपीएस (वर्गमूळ) आणि डिव्हपीएस (भागाकार) वापरा, थोडं हळू चालेल.