नुसतं स्क्रोल करणं आणि माणसांशी बोलणं एकाच मापाने का मोजायचं?

सांजवारा: 'रोज दोन तास सोशल मीडिया' म्हटलं की सगळे एकच निकाल देतात. आजारी मैत्रिणीला रोज चार ओळी लिहिणं आणि अनोळखी लोकांचे सहलीचे फोटो बघत बसणं, दोन्ही त्या दोन तासांतच. 2015 साली फिलिप व्हरडाइन, ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काहींनी दहा मिनिटं फेसबुक फक्त बघायचं ('निष्क्रिय' वापर), काहींनी तिथे लिहायचं-बोलायचं ('सक्रिय' वापर). नुसतं बघणाऱ्यांचं मन दिवसअखेर जास्त खालावलेलं होतं. त्यांच्या पुढच्या अभ्यासात यामागे हेवा दिसला. मला तो ओळखीचा आहे. मला तर स्क्रोलिंग बंद केलेलंच बरं वाटतं.

मूकवाचक: अजिबात पटलं नाही. मी वर्षानुवर्षं फक्त वाचतो. आजारपणात लिहायचं त्राण नव्हतं, तेव्हा त्याच आजारातून गेलेल्यांचे अनुभव रात्र-रात्र वाचले. एक शब्दही लिहिला नाही, पण एकटं वाटलं नाही. याला 'निष्क्रिय' म्हणायचं? आणि कमेंटमध्ये एकमेकांची उणीदुणी काढणारे मात्र सक्रिय! पॅटी व्हाल्केनबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये 40 सर्वेक्षण-अभ्यास तपासले. बघणं वाईट, बोलणं चांगलं, हे बहुतेकांत सिद्ध झालंच नाही.

अबोली_२: लाइक दिलं तर ते कशात धरायचं? मी तरी ओळख ठेवण्यासाठीच देते.

सांजवारा: @मूकवाचक, तुमचं वाचन मी स्क्रोलिंगमध्ये धरणार नाही. तुम्ही काहीतरी शोधत गेला होतात. 'बंद करा' म्हणताना मी ते लक्षात घेतलं नाही, ती चूक माझी.

@अबोली_२, मोइरा बर्क आणि रॉबर्ट क्राउट यांच्या 2016 च्या अभ्यासात जवळच्या माणसाने आपल्यासाठी लिहिलेल्या शब्दांनी बरं वाटत असल्याचं दिसलं. एका क्लिकच्या लाइकने तसं दिसलं नाही. वाढदिवसाला आलेले शंभर अंगठे मला आठवत नाहीत. 'तुझी ती खोकल्याची तक्रार गेली का?' असं एकीने विचारलेलं आठवतं.

मूकवाचक: हे मान्य. पण मग रेघ बघणं-लिहिणं यांच्यात नाहीच. शोधत जाणं आणि वाहवत जाणं, यांच्यात आहे. पान संपतच नाही, म्हणून वाहवत जायला वेळ लागत नाही. तिथे मीही अडकतो.

अबोली_२: तरी मी लाइक देणार. सगळ्यांना लिहिण्याएवढे शब्द सुचत नाहीत मला.