माझ्या मशीनवर तर चालतंय! म्हणून लगेच डॉकर?

ताकपिठा:
स्पष्टच बोलतो, शिव्या घाला. कुठे काही अडलं की आमच्याकडे एकच औषध, 'डॉकरमध्ये टाक', म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात भरून कुठल्याही मशीनवर तसंच चालवायचं. माझं म्हणणं, त्याने दुखणं झाकलं जातं, बरं होत नाही. परवाचंच घ्या, लॅपटॉपवर वॉर फाइल, म्हणजे जावात लिहिलेल्या वेब अ‍ॅपचं गाठोडं, झकास चालत होती, क्लायंटच्या सर्व्हरवर टाकली तर ४०४, म्हणजे 'पान सापडत नाही', आणि लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींत) एरर एक नाही. दोन रात्री गेल्या, फायरवॉल बघून झालं, परमिशन बघून झाल्या, आणि निघालं काय तर वॉर चालवणारा प्रोग्राम टॉमकॅट, तो माझ्याकडे ९ आणि तिथे १०.१. दहापासून कोडमधल्या लायब्ररीचं नाव जावॅक्स डॉट सर्व्हलेटचं जकार्ता डॉट सर्व्हलेट झालंय, माझे सगळे सर्व्हलेट (पानाच्या मागणीला उत्तर देणारे कोडचे तुकडे) अ‍ॅनोटेशनवाले, म्हणजे कोडमध्येच जुन्या नावाची खूण लावलेले, त्याने ते ओळखलेच नाहीत, मग एरर तरी कसली देणार. गंमत म्हणजे स्टार्ट होताना लॉगच्या सुरुवातीलाच टॉमकॅट स्वतःचं व्हर्जन, जावा कुठली, होम कुठे, सगळं सांगतो. मी रोज ते वर ढकलून खाली एरर शोधत बसायचो.

रात्रपाळी:
अहो तुमच्याच गोष्टीत तुम्ही हरलात की! डॉकरफाइलमध्ये (डब्यात काय भरायचं त्या यादीत) टॉमकॅट ९, जेडीके (जावाचा संच) ११ अशी एक ओळ लिहिली असती तर दोन रात्री झोपला असतात. लॉग वाचायला शिका हे बरोबर, पण दहा क्लायंटचे दहा सर्व्हर कोण वाचत बसणार?

ताकपिठा:
आणि त्या ओळीत आकड्याऐवजी 'लेटेस्ट' टॅग लावणारे महाभाग? आज बिल्ड केलं तर एक व्हर्जन, सहा महिन्यांनी दुसरंच.

खिडकीवाली:
इथे विंडोज सर्व्हर आहे आणि डॉकरला परवानगी नाही, आम्ही काय करायचं? एररमध्ये ६१ आणि ५२ हे आकडे, म्हणजे कोड जावा १७ वर कंपाइल केलेला आणि चालवतेय जावा ८. जावा होम (जावा कुठे आहे ते सांगणारं सेटिंग) बदललं, सेटएन्व्ही फाइल (टॉमकॅट सुरू होतानाची सेटिंगं) लिहिली, मशीन रीस्टार्ट केलं, ढिम्म! शेवटी कळलं की टॉमकॅट विंडोज सर्व्हिस म्हणून चालत असेल तर ती फाइल बघतच नाही, सर्व्हिसची जावा वेगळी, तिच्याच सेटिंगच्या खिडकीत जावा टॅबमध्ये बदलावी लागते. ताकपिठा म्हणतात ते पटतं, मशीन माहीत पाहिजे.

नऊ प्रश्नचिन्हं:
डॉकरवाल्यांनी माझंही ऐका. कंटेनरमधून (डॉकरच्या चालू डब्यातून) सीएसव्ही, म्हणजे तक्त्याची साधी फाइल, निघायची त्यात 'कोल्हापूर'च्या जागी नऊ प्रश्नचिन्हं, मोजली मी, काना-मात्रेसकट. आम्ही स्वतः बनवलेल्या इमेजमध्ये (डब्याच्या साच्यात) लोकेलच, म्हणजे भाषेचं सेटिंगच, सेट नव्हतं आणि जावा १७ पर्यंत डीफॉल्ट एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) ऑपरेटिंग सिस्टीमकडून येतं, १८ पासून देवनागरी मावणारं यूटीएफ-८ झालं. टेस्टवर, प्रॉडक्शनवर, सगळीकडे अगदी एकसारखी नऊ. एकसारखं चालेल एवढीच डॉकरची हमी, बरोबर चालेल ही नाही.

रात्रपाळी:
पण एकसारखं चुकलं म्हणूनच एकदाच दुरुस्त केलंत ना? लोकेलची एक ओळ टाकली आणि विषय संपला. तेच दहा मशीनवर दहा तऱ्हेने चुकलं असतं तर? असो. ताकपिठा, त्या टॉमकॅट १० मध्ये वेबॅप्सच्या (वॉर टाकायच्या नेहमीच्या फोल्डरच्या) शेजारी 'वेबॅप्स-जावाईई' नावाचं फोल्डर करून त्यात वॉर टाकून बघितली का? टॉमकॅट स्वतःच जुनी नावं जकार्तात बदलून घेतो.

ताकपिठा:
आत्ता टाकली. चालली.

माझ्या दोन रात्री परत द्या.